झोपेचा जमाखर्च : प्रस्तावना

पार्ल्यात ज्यांची हयात गेली त्यांना विमानाच्या आवाजाने जाग येत नाही. जाग येते ती जुलैतल्या एखाद्या मुसळधार रात्री धावपट्टी बंद पडून आकाश अकस्मात मुके झाले म्हणजे. अशा आवाजाखाली निर्धास्त निजणाऱ्या माणसाला, त्या आवाजाच्या पुढच्या टोकाशी दोन खुर्च्यांवर कोणीतरी जागे बसलेले आहे आणि त्याचे ते जागे असणे त्याच्या शरीराच्या मर्जीविरुद्ध चालले आहे, हा विचार सहसा शिवत नाही. मलाही तो पन्नाशी उलटेपर्यंत शिवला नव्हता. शिवला तो कुकरच्या शिट्टीमुळे; आणि प्रस्तुत ग्रंथाशी माझा संबंध त्या शिट्टीपासूनच जडला असल्यामुळे ती हकीकत आधी सांगणे भाग आहे.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक वैमानिक बिऱ्हाड करून राहावयास आले. सारेजण त्यांना कॅप्टनसाहेब म्हणत, आणि या प्रस्तावनेतही मी तेच म्हणणार आहे, कारण आपले नाव मुखपृष्ठावरसुद्धा नको असा त्यांचा हट्ट आहे. बिऱ्हाड थाटून महिना झाला नसेल, तोच एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्यांच्या पत्नी आमच्या दाराशी आल्या आणि अत्यंत संकोचाने आमच्या मंडळींना म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका हं, पण हे पहाटे न्यूयॉर्कहून आलेत आणि आत्ता कुठे डोळा लागलाय. आजच्या दिवस वरण पातेल्यात शिजवाल का? कुकरची शिट्टी थेट वर येते." वरण पातेल्यात शिजले. मी मात्र मनातून चिडलो, कारण सूर्य माथ्यावर येईतो अंथरुणात असणाऱ्या माणसाविषयी आमच्या पिढीच्या मनात एक तुच्छता असते, आणि ती बाळगण्यात आपण काही अन्याय करतो आहोत असे त्या पिढीला कधीही वाटलेले नाही.

पुढे सोसायटीच्या एका कागदावर सही घेण्याच्या निमित्ताने वर जाणे झाले, तेव्हा ती झोपण्याची खोली पाहावयास मिळाली. खिडकीच्या काचांना आतून काळा कागद, त्यावर जाड पडदा, आणि पडद्याच्या कडा भिंतीला चिकटपट्टीने पक्क्या केलेल्या. दारावरच्या घंटेची तार काढून ठेवलेली. दूधवाल्याने पिशवी कडीला न अडकवता मुकाट्याने खाली ठेवावी म्हणून त्याच्यासाठी लावलेली चिठ्ठी. उशाशी एक लांबट, लाल कापडी बांधणीची चोपडी होती, दिवाळीत व्यापारी लोक पूजेला मांडतात तसली. वैमानिकाच्या उशाशी किराणा दुकानदाराची चोपडी कशाला, असे मी थट्टेने विचारले, तेव्हा त्यांनी ती उघडून पुढे केली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेच्या बाजूस लिहिले होते : "पावणेचार तास. हॉटेल. पडदे पातळ. खाली बर्फ ओढणारी गाडी." नावे बाजूस त्याच तारखेला : "रात्रभर जागा. उतरण्याआधी दोनदा पेंग. दोन्ही वेळा शेजारच्याच्या लक्षात आली, माझ्या नाही."

त्या शेवटच्या चार शब्दांनी माझी थट्टा जागच्या जागी थांबली. बावीस वर्षांत अशा अकरा चोपड्या भरल्या, आणि त्यांतून निवड करून, त्यांवर टिप्पणी करून हा ग्रंथ सिद्ध झाला आहे. ग्रंथाचा विषय लांब पल्ल्याच्या उड्डाणांमुळे होणारा वेळेचा गोंधळ आणि वैमानिकाच्या पेशातील ताण हा असला, तरी त्याचा गाभा मला त्या चार शब्दांत दिसतो. पेंगणाऱ्यास आपली पेंग कळत नाही. विमानात इंधन किती आहे हे सांगणारा काटा आहे, वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, इंजिनाची उष्णता, साऱ्यांस काटे आहेत; परंतु चालवणाऱ्याच्या अंगात झोपेची शिल्लक किती उरली हे दाखविणारा काटा कोणत्याही कारखान्यात अद्याप तयार झालेला नाही, आणि म्हणून ज्याचा काटा नाही त्याचा हिशेब तरी ठेवला पाहिजे, एवढाच कॅप्टनसाहेबांचा मुद्दा आहे.

घड्याळाशी भांडण्याची मुंबईकरांस जुनी सवय आहे. १९०६ साली सरकारने साऱ्या हिंदुस्थानास एकच प्रमाणवेळ लागू केली तेव्हा ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे पडत होती, आणि एवढ्याशा फरकावरून या शहराने इतकी कुरकुर केली की महापालिकेने आपली घड्याळे 'मुंबई वेळे'वर ठेवण्याचा शिरस्ता पुढे कित्येक वर्षे चालविला. सूर्य डोक्यावर आल्याखेरीज बारा वाजू नयेत, हा आग्रह आज हास्यास्पद वाटतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो तितकासा अडाणीपणाचा नव्हता. त्याच शहरातून मध्यरात्रीनंतर सुटलेले विमान आज पंधरा-सोळा तासांत न्यूयॉर्कला टेकते, तेव्हा घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडलेला असतो. एकोणचाळीस मिनिटांसाठी अर्जविनंत्या करणाऱ्या आपल्या पणजोबांनी या साडेदहा तासांबद्दल कोणत्या कचेरीत दाद मागितली असती, कोण जाणे.

आगबोटीने विलायतेस जाणाऱ्यांना हा विकार ठाऊक नव्हता. बोटीवरचे घड्याळ एका रात्रीत थोडेसेच मागे सारले जाई, आणि शरीर त्या संथ गतीशी आपसूक जुळवून घेई. आरंभीच्या विमानांनीही फारसा अपराध केला नाही. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे आमच्या शेजारच्या जुहूच्या मैदानावर उतरले; दिवसाच्या दिवस संपलेल्या त्या प्रवासात थकवा असेल, परंतु उतरल्यावर दुपार की मध्यरात्र असा संभ्रम नव्हता. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले तेही कैरो आणि जिनिव्हा येथे विसावा घेत घेत. जेट विमाने आली, १९६० साली एअर इंडियाचे बोइंग न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागले, आणि सूर्यापेक्षा शरीर मागे राहू लागले. 'जेट लॅग' हा शब्द इंग्रजीत याच दशकात रुळला. त्यास मराठी प्रतिशब्द काढण्याची खटपट मीही केली. 'कालभ्रंश' आणि 'वेळविकार' असे दोन शब्द मोठ्या उमेदीने वर नेऊन दिले. कॅप्टनसाहेबांनी ते ऐकून घेतले, चहा पाजला, आणि पुस्तकात 'जेट लॅग' तसाच ठेवला. ते त्यांनी योग्यच केले, असे आता वाटते.

मात्र निद्रेशी वैमानिकाचे वैर जेटच्या आधीचे आहे. चार्ल्स लिंडबर्ग १९२७ च्या मे महिन्यात एकट्याने अटलांटिक ओलांडून गेला तेव्हा साडेतेहेतीस तासांच्या त्या उड्डाणाच्या आदल्या रात्रीही त्याला झोप मिळाली नव्हती, आणि वादळापेक्षा आपल्या पापण्यांचीच त्याला अधिक धास्ती होती. त्याहून मला मोह पडतो तो वायली पोस्टचा. तेलविहिरीवरच्या अपघातात एक डोळा गमावलेला आणि भरपाईच्या पैशांतून पहिले विमान घेतलेला हा अमेरिकन गडी १९३१ साली हॅरल्ड गॅटी या दिशादर्शकासह पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला आणि आठ दिवस व सोळा तासांच्या आत परत आला. दोन वर्षांनी हाच पराक्रम त्याने एकट्याने आणखी कमी अवधीत केला. प्रदक्षिणेत दिवसरात्रीचा क्रम उलटापालटा होणार हे ओळखून निजण्याउठण्याच्या ठरलेल्या वेळा आधीच मोडून टाकण्याचा सराव त्याने केला होता, म्हणजे ज्या व्याधीला अजून नाव नव्हते तिच्यावर तो उपचार करीत होता. एकट्याच्या उड्डाणात तर त्याने हातात एक पाना धरून तो दोरीने बोटाला बांधला, असे सांगतात; डुलकी लागून मूठ सैल पडली की पाना खाली पडे आणि बोटाला हिसका बसून जाग येई. कॅप्टनसाहेबांच्या चोपडीचा मूळपुरुष मला या पान्यात दिसतो. जागे राहण्याच्या आपल्या निश्चयावर पोस्टचा विश्वास नव्हता. त्याचा विश्वास दोरीवर होता.

शरीरात घड्याळ आहे, हे प्रथम एका झाडाने सांगितले. द मेरां या फ्रेंच ज्योतिर्विदाने १७२९ साली लाजाळूचे रोप अंधारात कोंडून ठेवले, तेव्हा उन्हाचा किरणही न लाभता ते दिवसा पाने उघडीत आणि रात्री मिटीत राहिले. माणसाबद्दलची गोष्ट बरीच उशिरा उमगली. निद्राशास्त्राचे आद्य आचार्य नेथनियल क्लाइटमन हे १९३८ साली आपल्या एका विद्यार्थ्यासह केंटकीमधील मॅमथ गुहेत बत्तीस दिवस जाऊन राहिले आणि अठ्ठावीस तासांचा दिवस पाळण्याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. तरुण विद्यार्थ्याच्या शरीराने तो दिवस मान्य केला, चाळिशी ओलांडलेल्या गुरुजींच्या शरीराने साफ नाकारला. वय वाढेल तसे हे घड्याळ हट्टी होते, हे पुढच्या अनुभवानेही खरे ठरले आहे, आणि वैमानिकाच्या पेशात ज्येष्ठतेबरोबर लांब पल्ल्याची उड्डाणे वाट्यास यावीत हा त्यातला विपरीत योग आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या मज्जातंतूंची जेथे फुली पडते तिच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढा एक पुंजका आहे. सुमारे वीस हजार पेशींच्या त्या पुंजक्याच्या हुकुमाने शरीराचे तापमान चढते-उतरते, भूक लागते, झोप येते. त्याचा स्वतःचा दिवस चोवीस तासांहून दहा-बारा मिनिटांनी मोठा भरतो, आणि रोजच्या उजेडाने त्याचे काटे पुन्हा जागेवर आणले जातात.

त्या दहा-बारा मिनिटांमुळे पश्चिमेचा प्रवास सुसह्य आणि पूर्वेचा दुःसह होतो. पश्चिमेस जाताना दिवस लांबतो, पूर्वेस येताना आखडतो. आणि उशिरा निजणे कोणासही जमते, पण उद्या पहाटे उठायचे म्हणून आठ वाजता अंथरुणावर पडलेल्या माणसाला झोप येत नाही, हे लग्नाच्या आदल्या रात्री प्रत्येक वधुपित्याने अनुभवलेले असते. न्यूयॉर्कसारखा जवळजवळ अर्ध्या पृथ्वीचा फेरा पडला म्हणजे तर शरीरास कोणत्या बाजूने वळावे हेच उमगेनासे होते, आणि सगळे अवयव एका वेळी वळतही नाहीत. डोळे मुंबईस रुजू झालेले असतात, पोट अजून हडसनच्या काठी रेंगाळत असते. आमच्या जिन्यात पहाटे तीन वाजता कांदेपोह्यांचा वास का दरवळे, याचा उलगडा मला या प्रकरणाने झाला.

येथवरचे शास्त्र प्रवाशास आणि वैमानिकास सारखेच लागू आहे; फरक पुढे पडतो, आणि वाचकाने या ग्रंथात विशेष लक्ष द्यावे ते याच ठिकाणी. प्रवाशाला सल्ला सोपा आहे : उतरलात की तिथल्या उजेडात हिंडा, तिथल्या वेळेला जेवा, चार दिवसांत तिथले व्हाल. वैमानिकास तिथले होऊन चालत नाही. त्याचा मुक्काम एक-दोन रात्रींचा, आणि शरीर वळू लागावे तोच परतीचे उड्डाण. म्हणून कॅप्टनसाहेब अशा मुक्कामात मुंबईचेच राहतात. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ मुंबईची वेळ दाखवते. विमानातले सारे दफ्तर ग्रिनिचच्या वेळेवर चालते, ज्याला हे लोक 'झुलू' म्हणतात. आणि स्थानिक वेळ फक्त हॉटेलातून न्यायला येणाऱ्या गाडीसाठी लक्षात ठेवावयाची. भर दुपारी मॅनहॅटनमध्ये पडदे ओढून हा गृहस्थ निजतो आणि तिथल्या सकाळी साडेनऊला, म्हणजे आपल्याकडच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी, घरून आणलेल्या मेथीच्या पोळ्या खातो. सबंध झोप साधली नाही तर निदान चार तास तरी मुंबईच्या रात्रीतले पकडावयाचे. या चार तासांना ते नांगर म्हणतात, कारण बोट वाऱ्याने कितीही फिरली तरी नांगराभोवतीच फिरते. पहाटे घरी परतताना काळा चश्मा घालतात तो ऐटीसाठी नव्हे. सकाळचे ऊन डोळ्यांत शिरले की मेंदूतला तो तांदळाचा दाणा दिवस झाल्याची दवंडी पिटतो आणि मग काळ्या कागदाचा काही उपयोग होत नाही.

देशातल्या देशात उडणाऱ्यांना जेट लॅग नाही म्हणून ते सुखी आहेत, असा माझा समज होता. त्यांचे रोस्टर पाहिल्यावर तो गेला. तीन दिवस पहाटे अडीचला उठून सहाचे उड्डाण, आणि चौथ्या दिवशी रात्री दहापासून पहाटेपर्यंत मुंबई-कोलकाता-मुंबई, अशा वेळापत्रकात एकही सीमा न ओलांडता माणूस हव्या त्या खंडात जाऊन येतो. गिरणगावातल्या रात्रपाळीच्या कामगारास हे समजावून सांगावे लागले नसते.

आपल्या भाषेत झोपेचे बारकावे पुष्कळ आहेत. पेंग वेगळी, झापड वेगळी, डुलकी वेगळी. आणि पहाटेच्या त्या मधुर, जड, सोडवेनाशा झोपेला आपण साखरझोप म्हणतो. विमानवाहतुकीच्या शास्त्रात पहाटे दोन ते सहा या चार तासांना शरीराच्या ओहोटीचा काळ मानतात : तापमान सर्वांत खाली, हातापायांची चपळाई सर्वांत कमी, निर्णय सर्वांत मंद. ज्या वेळेला आजीबाईंनी साखरेचे नाव दिले, तीच ही वेळ. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरले, ते या साखरझोपेच्या अखेरीस. तेथील धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून केलेली, जिच्या टोकापलीकडे दरी आहे. विमानातील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाच्या सुमारे दोन तासांपैकी पहिला एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपेत होते, असे चौकशी न्यायालयाने नमूद केले. विमान फार उंचावरून, फार वेगाने खाली येत होते. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याबद्दल तीनदा सुचविले. यंत्रही इशारे देत होते. आणि तरीही उतरणे सोडून दिले गेले नाही. एकशे अठ्ठावन्न माणसे गेली, आठ वाचली. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाच्या बुद्धीवर काही काळ जी जडता रेंगाळते तिचा उल्लेख अहवालात कारणांना हातभार लावणारी बाब म्हणून आहे. कॅप्टनसाहेबांनी या अपघातास एक सबंध प्रकरण दिले आहे आणि त्यात त्या दिवंगत वैमानिकाविषयी एकही कठोर शब्द नाही. मला प्रथम ही व्यवसायबंधुत्वाची भीड वाटली. दुसऱ्या वाचनात ध्यानात आले की त्या प्रकरणात त्यांनी आपल्याच चोपडीतल्या चार नोंदी तारखांसह शेजारी मांडल्या आहेत, आणि त्या चारही पहाटेच्या आहेत.

झोप वाईट नव्हे. चोरून, अवेळी घेतलेली झोप वाईट. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या संशोधकांनी पॅसिफिक महासागरावरच्या उड्डाणांत वैमानिकांना आळीपाळीने चाळीस मिनिटे खुर्चीतच विश्रांती दिली, तेव्हा त्यांना सरासरी सव्वीस मिनिटे झोप लागली. आणि ज्यांना ही सवलत मिळाली नव्हती त्यांच्या मेंदूच्या आलेखात उतरण्याच्या वेळीसुद्धा काही सेकंदांच्या डुलक्या आढळल्या, विश्रांती घेतलेल्यांच्या आलेखात नाहीत. डुलकी मुद्दाम अल्प ठेवावयाची, म्हणजे माणूस गाढ झोपेच्या विहिरीत उतरत नाही आणि वर येताना दोर ओढावा लागत नाही. कित्येक जुने वैमानिक डुलकीच्या आधीच कॉफी पितात. तिचा अंमल चढावयास वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात डुलकी पुरी होते. लांब पल्ल्याच्या विमानांत तर तीन वा चार वैमानिक असतात, आणि छताखाली शिडी चढून जावे अशी निजण्याची जागा असते. तिथे कोणी केव्हा निजावे याच्या वाटाघाटी उड्डाणापूर्वीच होतात, आणि कॅप्टनसाहेबांच्या वर्णनावरून त्या वतनाच्या वाटणीहून कमी चिवट नसतात. पहिला हप्ता कोणालाच नको असतो, कारण झोप आलेली नसते. मधला सगळ्यांना हवा असतो. आणि तो बहुधा उतरवणाऱ्यास मिळतो.

पेशाच्या ताणाविषयीचा भाग ग्रंथात तुलनेने लहान आहे, परंतु तो लिहिताना लेखकाची लेखणी अधिक अडखळली असावी. दुसऱ्या कोणत्या व्यवसायात माणसाची रोजी वर्षातून दोनदा पणास लागते? सहा-सहा महिन्यांनी 'सिम'मध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानात बसवून, इंजिनाला आग लावून, चाके अडकवून, त्याची परीक्षा घेतली जाते; शिवाय ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी, जीत एखादा आकडा पुढेमागे झाला की परवाना तहकूब. ज्याची भाकरी त्याच्या नाडीवर अवलंबून आहे तो आपली नाडी वैद्याला खुशीने दाखवणार नाही, हे उघड आहे. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान हेतुपुरस्सर आल्प्सच्या कड्यावर घालून एकशे पन्नास जणांचा अंत केला. परवाना आणि उपजीविका जाण्याच्या भयाने मानसिक आजार लपविला जातो, हा त्या चौकशीतून पुढे आलेला मुद्दा होता, आणि युरोपात वैमानिकांनीच वैमानिकांचे गोपनीयपणे ऐकून घेण्याची व्यवस्था त्यानंतर सक्तीची झाली. आपल्याकडे उड्डाणापूर्वी वैमानिकास यंत्रात फुंकावे लागते, मद्याचा अंशही चालत नाही, आणि हे सर्वस्वी योग्यच आहे. पण ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली असे दाखविले की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हातडोळे, रक्तात शेकडा ०.०५ मद्य असलेल्या माणसाइतकेच ढिले पडतात. त्या सतरा तासांसाठी फुंकावयाचे यंत्र नाही. तेथे वैमानिकाने स्वतः तोंड उघडून "मी थकलो आहे" असे म्हणावयाचे असते. आणि नियमात तशी सोय आहे, पण रोस्टर लावणाऱ्याच्या टेबलासमोर हे तीन शब्द उच्चारण्यास किती धैर्य लागते, हे चोपडीतल्या एका नोंदीत आले आहे. तेथे एवढेच आहे : "फोन उचलला. ठेवला. गेलो."

कायद्याने झोपेचा हिशेब ठेवण्यास बहुधा अपघाताचीच वाट पाहिली आहे. अमेरिकेत बफेलोजवळ फेब्रुवारी २००९ मध्ये कोलगन कंपनीचे विमान कोसळून पन्नास माणसे दगावली. त्यातील सहवैमानिक रात्रभर देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून कामावर हजर झाली होती. त्यानंतर तेथील विश्रांतीचे नियम नव्याने घडले आणि जानेवारी २०१४ पासून अंमलात आले. आपल्याकडे विमानवाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम काढले : आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांऐवजी अठ्ठेचाळीस, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजावयाची, आणि रात्रीच्या पाळीत सहांऐवजी फक्त दोनदा उतरावयाचे. कंपन्यांनी मुदत मागितली, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, आणि अंमलबजावणी २०२५ च्या जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत ठरली. डिसेंबर उजाडताच देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द होऊन विमानतळांवर सामानाचे डोंगर साचले, आणि सरकारला काही कलमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. वर्तमानपत्रांनी याला नव्या नियमांचा गोंधळ म्हटले. दोन वर्षे आधी जाहीर झालेल्या नियमासाठी पुरेशी माणसे नसतील तर गोंधळ नियमाचा की माणसे न नेमणाऱ्याचा, हे त्या दिवसांत पार्ल्याच्या कट्ट्यावर मी मोठ्याने विचारले. रिकाम्या हाताने लग्नाला पोहोचलेल्या एका गृहस्थाने मला जे उत्तर दिले ते येथे छापता येणार नाही.

या ग्रंथात उणिवा आहेत, आणि प्रस्तावनाकाराने त्या सांगू नयेत असा संकेत असला तरी मित्राने सांगाव्यात असाही आहे. त्याच विमानात, त्याच रात्री, उभ्याने जागणाऱ्या हवाई सुंदरींविषयी यात जेमतेम दोन पाने आहेत. रात्रपाळीत विमान तपासणाऱ्या तंत्रज्ञांविषयी एकही नाही, वास्तविक त्यांच्या पेंगेचा हिशेबही प्रवाशांच्याच खात्यावर पडतो. आणि ज्या बाईने बावीस वर्षे कुकरची शिट्टी काढून स्वयंपाक केला, मुलांना दिवाणखान्यात कुजबुजून भांडावयास शिकविले, आणि नवऱ्याच्या झोपेभोवती स्वतःच्या झोपेचे तुकडे बसविले, तिची चोपडी कोणीच ठेवली नाही. हे मी कॅप्टनसाहेबांना बोलून दाखविले तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण तिला विचारायला जावं तर ती म्हणते, त्यात काय लिहायचंय."

पासष्टाव्या वर्षी नियमाप्रमाणे त्यांनी विमान सोडले. काळा कागद काढला, घंटेची तार जोडली. झोप मात्र अजून आपल्या वेळापत्रकाने येते. परवा मुद्रिते परत देण्यास मी दुपारी तीनला वर गेलो, तर दार वहिनींनी हलकेच उघडले आणि ओठांवर बोट ठेवले. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता. स्वयंपाकघरात ओट्यावर कुकर होता, आणि त्याची शिट्टी बाजूला, वाटीत काढून ठेवलेली होती.